मुलांच्या टायफॉइडसाठी घरपोच अँटिबॉडी तपासणी: आमच्या घरातील दोन तापांचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, सलग तीन दिवसांच्या पावसाने कांजूरमार्गच्या आमच्या सोसायटीच्या दारात पाणी तुंबले होते, त्याच आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला १०२ अंश ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो उतरेना, म्हणून आम्ही एका लॅबचे पावसाळी तापाचे पॅकेज घरपोच मागवले. त्यात रक्तपेशींची मोजणी, मलेरिया, विडाल आणि टायफॉइड आयजीएम अशा चार तपासण्या होत्या. हे परीक्षण त्यांतील शेवटच्या दोन तपासण्यांचे, म्हणजे टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी रक्तात शोधणाऱ्या चाचण्यांचे आहे.

सेवेबद्दल तक्रार नाही. रक्त घ्यायला आलेला मुलगा भर पावसात सांगितलेल्या वेळेला पोहोचला, त्याने मुलीशी दोन मिनिटे बोलून तिची भीती घालवली आणि एकाच टोचणीत काम केले. लहान मुलांच्या शिरा सापडणे अवघड असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कौशल्याची किंमत कळेल. रिपोर्ट त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. त्यात विडालचे टीओ १:१६० आणि टीएच १:८० हे दोन आकडे आणि टायफॉइड आयजीएम ‘पॉझिटिव्ह’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. जवळच्या दवाखान्यात तो दाखवताच टायफॉइडचे निदान झाले आणि सेफिक्झिम हे प्रतिजैविक सुरू झाले.

दोन दिवसांनी मुलगी जास्तच मलूल झाली, तेव्हा आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी रिपोर्टवरील आकड्यांच्या आधी तारीख पाहिली आणि विचारले, “ताई, ताप कधी सुरू झाला आणि हे रक्त कधी दिले?” ताप सोमवारी आला आणि रक्त मंगळवारी सकाळी दिले, असे मी सांगितल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. टायफॉइडमध्ये विडालने मोजता येतील इतक्या अँटिबॉडी साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या रक्तात सापडलेले टायटर, म्हणजे अँटिबॉडीचे प्रमाण सांगणारा १:१६० सारखा आकडा, या तापाचे असण्यापेक्षा जुन्या संसर्गाचे किंवा दुसऱ्याच कशाचे तरी असण्याची शक्यता अधिक, असे त्यांनी समजावले. त्यांनी डेंग्यूची एनएस१ चाचणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट उतरल्या होत्या आणि मुलीला तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. प्रतिजैविक बंद झाले. ती बरी झाली; परंतु पावसाळी म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकेजात विडाल असावी आणि एनएस१ नसावी, याचा राग मला अजूनही येतो, कारण त्या दोन दिवसांत आम्ही भलत्याच आजाराच्या भरवशावर निश्चिंत होतो.

त्यानंतर मी या चाचण्यांविषयी जमेल तितके वाचले आणि त्याच डॉक्टरांना पुन्हा भेटून शंका विचारल्या. विडाल ही चाचणी फ्रान्समधील डॉक्टर फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये मांडली. मुळात ती परीक्षानळीत करतात: रुग्णाच्या रक्तातील द्रव क्रमाक्रमाने पातळ करत जायचा, त्यात टायफॉइडचे मृत जंतू मिसळायचे, नळ्या रात्रभर उबेत ठेवायच्या आणि कितव्या पातळीपर्यंत जंतूंचे पुंजके होतात ते पाहायचे. १:१६० याचा अर्थ रक्तद्रव १६० पट पातळ केल्यावरही पुंजके दिसले, इतकाच. आता बहुतेक ठिकाणी हीच चाचणी काचपट्टीवर काही मिनिटांत उरकतात. ती सोयीची असली तरी चुकीचे पॉझिटिव्ह निकाल तीत अधिक येतात, आणि काचपट्टीवर पॉझिटिव्ह आलेला नमुना नळीत पुन्हा तपासून घेणे योग्य समजले जाते. आमच्या रिपोर्टवर ‘स्लाइड’ हा शब्द शेवटच्या ओळीत इतक्या बारीक अक्षरांत होता की, डॉक्टरांनी बोट ठेवेपर्यंत तो मला दिसलाच नव्हता.

खरी अडचण मात्र पद्धतीपेक्षा खोल आहे. टायफॉइडच्या जंतूचे काही प्रतिजन, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात ते भाग, तो ज्या साल्मोनेला गटातला आहे त्याच्या इतर जातींवरही असतात, मलेरिया आणि डेंग्यूसारख्या तापांतही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि ज्या शहरात टायफॉइड कायम वावरतो तेथील निरोगी माणसांच्या रक्तातही थोडे टायटर सापडते. उलट, रक्तात प्रत्यक्ष जंतू सापडलेल्या काही रुग्णांची विडाल शेवटपर्यंत निगेटिव्ह राहते. म्हणूनच जुने डॉक्टर पहिल्या नमुन्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन टायटर चौपट वाढले का, हे पाहण्याचा आग्रह धरत. तो आग्रह शास्त्राला धरून होता. पण तापाने फणफणलेल्या मुलाचे आई-वडील औषधासाठी दहा दिवस थांबू शकत नाहीत, हेही तितकेच खरे.

आयजीएमची चाचणी नवी आहे, म्हणून ती खात्रीची, असा माझा समज होता. या प्रकारातील टायफिडॉट ही मलेशियात विकसित झालेली चाचणी आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये अशा जलद चाचण्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात टायफिडॉटची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती ओळखले) सरासरी ८४ टक्के आणि विशिष्टता (टायफॉइड नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर निगेटिव्ह सांगितले) ७९ टक्के निघाली, तर ट्यूबेक्स या दुसऱ्या चाचणीचे हेच आकडे ७८ आणि ८७ होते. ऐकायला हे बरे वाटते. पण समजा, ताप असलेल्या १०० मुलांपैकी १० मुलांना खरोखर टायफॉइड आहे. टायफिडॉट त्यांतील आठ मुले ओळखेल. उरलेल्या ९० मुलांपैकी सुमारे १९ मुलांनाही ती टायफॉइडच सांगेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या साधारण २७ मुलांत खरी आजारी आठच. हा हिशेब वहीच्या पानावर मांडल्यावर आमच्या रिपोर्टमधील ठळक अक्षरांची मला पहिल्यांदा भीती वाटली.

याच्या अगदी उलट अनुभव चेंबूरला राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंना आला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला चार दिवस चढता ताप होता, पोट दुखत होते, जिभेवर पांढरा थर होता आणि विडाल पूर्ण निगेटिव्ह होती. त्याच्या डॉक्टरांनी निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून न राहता, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी रात्री बाटलीत जंतूंची वाढ झाल्याचे कळले आणि चौथ्या दिवशी साल्मोनेला टायफी हे नाव, कोणती औषधे चालतील आणि कोणती नाहीत या यादीसह हाती आले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन निरुपयोगी ठरणारे होते, सेफ्ट्रायाक्झोन लागू पडणारे होते. ही यादी कोणतीही अँटिबॉडी चाचणी देऊ शकत नाही. इंजेक्शने सुरू होऊनही ताप पाचव्या दिवशी उतरला, आणि त्या पाच दिवसांत औषध बदलण्याचा हट्ट घरच्यांनी धरला नाही, तो केवळ हातात कल्चरचा कागद होता म्हणून.

कल्चरही सर्वज्ञ नाही. टायफॉइडच्या सुमारे ६० टक्के रुग्णांतच ते पॉझिटिव्ह येते. मुलांकडून रक्त कमी मिळते, आणि त्याआधी प्रतिजैविकाचे दोन-तीन डोस पोटात गेले असतील तर जंतू सापडण्याची शक्यता आणखी घटते. अस्थिमज्जेचे कल्चर याहून खात्रीचे आहे, परंतु प्रत्येक तापाला मुलाच्या हाडात सुई घालणे कोणी सुचवणार नाही. म्हणून अँटिबॉडी चाचणी सरसकट फेकून द्यावी, असे मी म्हणत नाही. ताप आठवडा ओलांडून गेला आहे, प्रतिजैविक आधीच सुरू झाले आहे, कल्चर निगेटिव्ह आले आहे किंवा त्याची सोयच नाही, आणि डॉक्टरांना लक्षणांवरून टायफॉइडचीच शंका आहे, अशा वेळी नळीत केलेली विडाल त्यांच्या विचाराला आधार देऊ शकते. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पॅकेजमधून आपोआप पदरात पडणारी विडाल मात्र पालकांना फसवते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पैशाचे म्हणाल, तर आमचे पॅकेज आणि जाऊबाईंच्या मुलाचे कल्चर यांच्या पावत्यांत जेमतेम दीडशे रुपयांचा फरक होता.

अनेक पालक विचारतात म्हणून लसीबद्दलही लिहिते. माझ्या मुलीला टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिलेली होती, त्यामुळेच विडाल पॉझिटिव्ह आली असेल, असे शेजारच्या काकूंना वाटत होते. ही लस जंतूच्या व्हीआय नावाच्या आवरणाविरुद्ध काम करते, आणि विडाल ओ व एच या वेगळ्या प्रतिजनांविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. त्यामुळे या लसीवर तो ठपका ठेवता येत नाही. पूर्वी मृत जंतूंची जी लस टोचली जाई, तिच्यामुळे मात्र विडाल पॉझिटिव्ह येत असे. खाडीपलीकडे नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना ही कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम सुरू केली, तशी ती मुंबईतल्या प्रत्येक मुलाला मिळावी असे मला मनापासून वाटते.

लॅबला मी सविस्तर पत्र लिहिले. रिपोर्टवर चाचणीची पद्धत ठळक छापावी, रक्त घेताना तापाचा कितवा दिवस आहे हे विचारून ते नोंदवावे आणि पावसाळी पॅकेजात एनएस१ घालावी, अशा तीन सूचना केल्या. तिसरी त्यांनी मान्य केली आणि यंदाच्या पॅकेजात एनएस१ आहे. पहिल्या दोन सूचनांवर उत्तर आलेले नाही. या जुलैत मुलीला पुन्हा ताप आला, तेव्हा मी त्यांना फोन करून विडाल वगळून कल्चरची बाटली आणता येईल का, असे विचारले. लहान मुलांचे कल्चरचे रक्त आम्ही घरी घेत नाही, त्यासाठी रुग्णालयात जावे लागेल, असे पलीकडच्या मुलीने नम्रपणे आणि खरे तेच सांगितले. आम्ही रिक्षा केली आणि औषधाचा पहिला डोस देण्याआधी रक्त देऊन आलो.