आत्याचं जुनं टॉप लोड मशीन: आठ महिने वापरल्यावर

आत्या नागपूरच्या महाल भागातलं घर सोडून पुण्याला मुलाकडे राहायला गेली. भांडीकुंडी वाटून झाली, कपाटं गेली, मोरीशेजारचं वॉशिंग मशीन तेवढं उरलं. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता. मी ते टेम्पोत घालून खामल्याला आणलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. मशीन तीस वर्षांच्या पुढचं आहे. पत्र्याची जड बॉडी, वरून झाकण, टबाच्या मधोमध पंख असलेला उंच खांब, म्हणजे अ‍ॅजिटेटर. कंपनीच्या नावाची पट्टी केव्हाच निघून गेली आहे.

निघताना आत्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली. "बटण उलटं नको फिरवू बाप्पा. मागे जायचं असंल तर पुढून पूर्ण गोल फिरवून ये."

तिचं म्हणणं मला पुढं टायमर उघडल्यावर कळलं. आत एक इवलीशी मोटर कंगोरे असलेला ढोल अगदी हळू फिरवत असते. कंगोऱ्यांनी पितळी पट्ट्या दबतात आणि सुटतात, आणि पाणी कधी घ्यायचं, खांब कधी हलवायचा, पाणी कधी सोडायचं हे त्यावर ठरतं. उलटं फिरवलं की त्या पट्ट्या वाकतात. याच रचनेचा एक फायदा मे महिन्यात कळला. संध्याकाळी वादळ आलं, लाइट गेली, तासाभरानं आली आणि मशीन जिथं थांबलं होतं तिथूनच पुन्हा चालू झालं. बटण जागचं हललंच नव्हतं.

पहिला महिना मात्र कठीण गेला. मशीन मी वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. बटण ओढलं, पाणी यायला लागलं आणि पाऊण तास झाला तरी धुणं सुरू होईना. टायमर बिघडला अशी माझी खात्रीच झाली. खरं तर तो मुद्दाम थांबलेला होता. टबात ठरलेली पातळी येईपर्यंत या मशीनचा टायमर पुढे सरकत नाही. आमची टाकी त्या मजल्यापासून जेमतेम तीन-चार फूट वर, त्यामुळे दाब नाही. त्यातून पाणी आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी गाळानं भरलेली. जाळी दाताच्या जुन्या ब्रशनं साफ केली, मशीन खाली मागच्या मोरीत नेलं. आता टब आठ मिनिटांत भरतो.

पुढच्याच आठवड्यात उलटं झालं, पाणी थांबेचना. मोरी तुडुंब. पाण्याची पातळी एक बारीक रबरी नळी ओळखते. पाणी चढतं तशी नळीतली हवा दाबली जाते आणि वरचा प्रेशर स्विच पाणी बंद करतो. मशीन हलवताना ती नळी निसटली होती. पुन्हा घट्ट बसवली, एक रुपया खर्च नाही. जुनं मशीन आणणाऱ्यानं आधी हीच नळी हातानं चाचपून पाहावी.

खर्च झाला तो जानेवारीत. स्पिनच्या, म्हणजे कपडे पिळायच्या वेळी रबर जळल्याचा वास यायला लागला. इतवारीकडून मेकॅनिक आले, मशीन आडवं केलं. "भाऊ, मोटर ठणठणीत हाये. पट्टा गेला. आन् ह्यो कंडेन्सर बी बदलून घ्या, मोटर उचलाले जोर लावून राहिली." बेल्ट, मोटर सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर आणि मजुरी मिळून १,४०० रुपये. खालचा भाग उघडा असल्यानं उंदरांसाठी जाळीही त्यांनीच ठोकून दिली. मोटर एका दिशेनं फिरली की खांब हलतो, उलट फिरली की अख्खा टब फिरतो, हे त्यांनी मला बेल्ट हातानं ओढून दाखवलं. त्या दिवसापासून मला हे मशीन खरं समजायला लागलं.

आता ते मी कानानं चालवतो. खांबाचा 'घरर्-थप, घरर्-थप' असा ठेका सारखा असला की कपडे नीट फिरताहेत. ठेका जड झाला की कोंबून भरलं आहे. नुसतं गुणगुणलं आणि हललं नाही, तर लगेच बंद करायचं, नाहीतर मोटर तापते. स्पिनमध्ये दणके बसले तर झाकण उघडायचं, टब थांबू द्यायचा आणि ओली चादर सारखी पसरायची. चादर किंवा साडी खांबाला गुंडाळून कधीच टाकू नये. सुटी सुटी, गोलाकार सोडावी. आईचं सुती लुगडं एकदा असं पिळलं गेलं की काठ फाटला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

धुतं कसं? मळक्या कॉलरी, शाळेचे मोजे, मुलाचे क्रिकेटचे कपडे याइतके स्वच्छ मी हातानं कधी काढले नाहीत. सावजी रश्शाचा डाग मात्र आधी हाताळावा लागतो. तेलावर भांड्याच्या साबणाचा थेंब लावून ठेवायचा. हळद साबणात लाल होते, घाबरू नये; धुऊन उन्हात टाकली की उडते, आणि नागपूरचं ऊन या कामाला कमी पडत नाही. मे महिन्यात टाकीचं पाणीच इतकं तापतं की गरम पाण्याचं धुणं फुकटात होतं. मात्र रंग जाणारे कपडे आणि रक्ताचे डाग तेव्हा पहाटेच्या पाण्यात.

पावडर कमी घाला. नळाला पेंच धरणाचं पाणी असतं तेव्हा अर्धा कप पुरतो. उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी आलं की फेस होत नाही, म्हणून माणूस पावडर वाढवत जातो आणि कपडे कडक होतात. मी त्याऐवजी दोन चमचे धुण्याचा सोडा घालतो. फेस जास्त झाला तर स्पिन अडकतो, हेही पाहिलं.

पाण्याचा हिशेब सरळ सांगतो. २० लिटरच्या बादलीनं मोजलं, एका धुण्याला पाच बादल्या पाणी जातं. मला हे खुपतं. खळबळल्याचं दुसरं पाणी मी पिंपात धरतो आणि अंगण, संडास त्यावर भागवतो. ज्यांच्याकडे पाणी मोजून येतं त्यांनी हे मशीन घेऊ नये. अर्थिंग नसलेल्या मोरीतही नको; आमच्याकडे आधी वायरमन बोलावून ते करून घेतलं, मगच प्लग लावला.

आता एक दुखणं शिल्लक आहे. गेल्या महिन्यापासून खांबाच्या बुडाशी तेल झिरपतंय आणि पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी ठिपके येतात. गिअरबॉक्सचं तेल अडवणारं सील गेलं आहे. मेकॅनिक मापाचं सील शोधताहेत, जुन्या मशीनमधून काढलेलंही चालेल म्हणाले. तोवर बनियन आणि बाबांची धोतरं हातानं धुतो, बाकी सगळं मशीनमध्ये.