केमोच्या काळात विकत घेतलेलं पथ्य

दुसऱ्या केमोनंतर ताईच्या तोंडाची चव पार गेली. स्टीलचा चमचा तोंडात घातला की लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायची. दोन घास खाऊन ताट सरकवायची. हिला काय खायला घालू, हे मी रात्र रात्र शोधत बसायचे. त्या शोधातच मी त्या माणसापर्यंत पोचले. ताई नाही, मी पोचले. म्हणून हे मीच लिहितेय.

तो स्वतःला आहार सल्लागार म्हणवायचा. पहिल्या वेळी फोनवर पाऊण तास बोलला, तेही फुकट. तो तेव्हा जे बोलला ते जवळजवळ सगळं खरं होतं, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. शरीरात दीर्घकाळ धुमसत राहणाऱ्या दाहाचा, म्हणजे इन्फ्लमेशनचा, काही कॅन्सरशी संबंध आहे. पाकीटबंद खाणं कमी करा. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा वाढवा. यात खोट काढायला जागा नव्हती. एवढं मन लावून आमच्याशी तोवर कोणी बोललंही नव्हतं. मी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले.

दुसऱ्या आठवड्यात दूध गेलं. मग अंडी, मासे, मग बहुतेक फळं. कारण काय, तर साखर कॅन्सरला पोसते आणि हे शोधणाऱ्या ओटो वारबुर्गला १९३१ साली नोबेल मिळालं. नोबेल ऐकल्यावर आपण गप्प बसतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे वारबुर्गने दाखवलं होतं, पण त्याला नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. आणि ताटातली साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज तयार करतं. हे मला नंतर कळलं, तोवर ताईच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या.

पॅकेजमध्ये रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्याही होत्या. रोज सकाळी लघवीत बुडवायच्या, हिरव्या झाल्या की शरीर 'अल्कलाइन', म्हणजे आम्लाच्या उलट, झालं. पट्टी हिरवी झाली की ताई मला हाक मारून दाखवायची. त्या महिन्यात ती हसली असेल तर तेवढ्यापुरतीच. खाण्याने लघवीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं मोजमाप, बदलतो, पण रक्ताचा फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून ७.३५ ते ७.४५ मध्येच सांभाळतात. पट्टीच्या रंगाचा तिच्या आजाराशी काडीचा संबंध नव्हता.

शिवाय डबा होता. हळदीतलं कर्क्युमिन, काळी मिरी आणि 'अठरा वनस्पतींचं विशेष मिश्रण'. दिवसातून तीनदा. आणि एक बजावणी: डॉक्टरांना सांगू नका, त्यांना आहारातलं काही शिकवलेलं नसतं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं.

तिसऱ्या केमोच्या दिवशी वजन केलं. अठ्ठावन्नचं बावन्न झालं होतं. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम, वाढलेलं, पांढऱ्या पेशी खाली. केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, बाकी काही घेताय का? ताईने माझ्याकडे बघितलं, आणि मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो हातात घेऊन फिरवत फिरवत वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. मग बोट ठेवून मला दाखवलं: अठरा नावं होती, पण कुठलं किती मिलिग्रॅम, हे एकाही नावापुढे नव्हतं. त्या म्हणाल्या, "जेवणात घालता ती हळद वेगळी. तिच्यात कर्क्युमिन शंभरात तीन भागांच्या आसपास असतं आणि त्यातलंही फारसं रक्तात जात नाही. इथे ते काढून, दाट करून, ते शोषलं जावं म्हणून मिरीतलं पायपरिन घातलंय. हेच पायपरिन यकृतात औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं. मग केमोचं औषध अंगात किती राहतंय, याचा हिशेब आम्ही कसा ठेवायचा?" इटलीत २०१९ साली हळदीच्या अशा गोळ्या-कॅप्सूल घेणाऱ्यांना यकृताला सूज आल्याच्या घटना पुढे आल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. ताईचं यकृत डब्याने बिघडलं की केमोने, हे ठामपणे कोणीच सांगू शकलं नाही. डबा बंद केल्यावर आकडे उतरले, एवढं खरं.

रोजच्या कच्च्या हिरव्या रसाचं ऐकून मात्र त्या दचकल्याच. पांढऱ्या पेशी खाली असताना कच्चे मोड आणि नीट न धुतलेल्या पाल्याचा रस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. मग त्यांनी प्रथिनं मोजली. अशा उपचारात किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम लागतात. ताईला निम्मीसुद्धा मिळत नव्हती. आणि ज्या अख्ख्या धान्यांचा आम्ही एवढा आग्रह धरला होता, तीही जुलाब लागलेले असताना काही दिवस बाजूला ठेवायची असतात. चांगलं खाणं रोज बदलतं, त्या दिवशीच्या तोंडाला आणि पोटाला बघून. डब्याला ते कुठून कळणार?

सल्लागाराकडे बरे झालेल्यांच्या गोष्टी पुष्कळ होत्या. ऑस्ट्रेलियातल्या बेल गिब्सनकडेही होती, स्वतःचीच. मेंदूचा कॅन्सर आपण खाण्यापिण्याने आटोक्यात ठेवलाय असं ती सांगायची. आपल्याला कॅन्सर कधी झालाच नव्हता, हे तिने २०१५ साली कबूल केलं आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला चार लाख दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हे मी पैसे भरण्याआधी वाचलं असतं तर निदान चार प्रश्न तरी विचारले असते.

मी पैसे परत मागितले. उत्तर एका ओळीत आलं: पथ्य काटेकोर पाळलं नाहीत, जबाबदारी आमची नाही. पैशांचं दुःख मी गिळलं असतं. पण ती ओळ ताईने वाचली आणि विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं का गं?"

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या यादीत पहिलं नाव अंड्याचं होतं, नीट उकडलेल्या. मी ते सोलून, चार फोडी करून, लाकडी चमच्याबरोबर तिच्यापुढे ठेवलं. तिने एक फोड उचलली, परत ठेवली. "हे खाल्लं तर ते वाढणार नाही ना?" तीन दिवस हाच प्रश्न. पट्ट्या मी फेकून दिल्या, डबा बंद केला, पण ही भीती तिच्या मनातून काढायला आम्हाला चौथी केमो उजाडली. त्या दिवशी वजनाचा काटा त्रेपन्नवर थांबला, आणि घरी आल्यावर तिने आपणहून दूध मागितलं.