साताऱ्यात मिळणारी कताना: ३,८०० ची आणि १८,५०० ची

राजवाडा परिसरात सत्काराच्या तलवारी विकणाऱ्या एका दुकानात आता धोप आणि फिरंगी या मराठा तलवारींच्या शेजारी कताना या जपानी तलवारीही टांगलेल्या दिसतात. प्रकार दोन: ३,८०० रुपयांची स्टेनलेसची आणि १८,५०० ची टी-१० कार्बन पोलादाची. दोन्ही बिनधारेच्या. लांबून सख्ख्या बहिणी वाटतात, मूठ काढली की नातं संपतं.

स्टेनलेसच्या तलवारीचं पातं मुठीत शिरताच संपतं. पुढे पेन्सिलीएवढा आटे पाडलेला गज वेल्ड केलेला आणि टोकाला नट. जोरात फिरवली तर त्या वेल्डवरच तुटते आणि पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जातं. भिंतीला शोभेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ही हातात घेऊ नये.

महागडीत नाकागो, म्हणजे पात्याचाच मागचा भाग, मुठीत खोलवर जातो आणि बांबूच्या मेकुगी खिळ्याने अडकतो. खिळा हलक्या हाताने ठोकला की मूठ निघते. दुकानदाराला हे करून दाखवायला सांगा. आम्हाला त्याने कुरकुर न करता दाखवलं. मूठ हलवल्यावर खडखड आली तर खिळा सैल आहे, तिथेच बदलून घ्या.

आता हामोन, म्हणजे धारेलगतची धुरकट पांढरी लाट. स्वस्त तलवारीवर ती ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते, त्यामुळे प्रत्येक वळण पहिल्याची नक्कल. खरी लाट पाणी पाजताना उमटते. पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ, आणि साधारण ७५० ते ८०० अंशांना तापवून पातं पाण्यात बुडवायचं. धार झटकन निवून कडक होते, पाठ चिवट राहते. कडक झालेलं पोलाद फुगतं, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. कतानाचा बाक मोठ्या प्रमाणात इथेच येतो. घातही इथेच होतो: पाणी जास्त लागलं की धारेला आडवी, केसासारखी चीर जाते आणि मग पातं बाद. बल्बखाली पातं तिरकं धरून टोकापासून मुठीपर्यंत धार बघा. हामोनच्या कडेला बारीक चमकते कण दिसले तर काम खरं. इथल्या महागडीत ते दिसतात, मात्र टोकाजवळ पॉलिश घाईत उरकलंय.

महागडीच्या लेबलवर ‘तामाहागाने, १५ घड्या’ लिहिलंय, म्हणजे पारंपरिक जपानी पोलाद, तापवून पंधरा वेळा दुमडून ठोकलेलं. ते सोडून द्या. तामाहागाने जपानच्या शिमाने प्रांतात, ओकुइझुमोच्या तातारा भट्टीत लोहवाळू आणि कोळशापासून हिवाळ्यात गाळतात. १९७७ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या या भट्टीचं पोलाद परवानाधारक लोहारांकडे जातं, आणि त्या लोहारांना महिन्याला दोनच लांब तलवारी करायची मुभा आहे. १८,५०० मध्ये ते येणं शक्य नाही. १५ घड्यांचे ३२,७६८ थर होतात हे गणित बरोबर, पण घडी घालतात ती ओबडधोबड तामाहागाने एकसारखं करायला आणि मळी काढायला. प्रत्येक तावाला कार्बन जळतो, जास्त घड्या घातल्या तर पोलाद उलट मऊ पडतं. टी-१० मुळातच एकसारखं असतं. त्याला घड्या घालून काही मिळत नाही.

पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत कार्बन पोलादावर ठिपके पडायला वेळ लागत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. खंडेनवमीला ओल्या बोटाने हळद-कुंकू पात्यावर लावू नका, मुठीला लावा. लावलंच तर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या. धार लावून घ्यायचा मोह टाळा, शस्त्र कायद्याचं झंझट मागे लागतं. पावती मात्र जपून ठेवा.

महागडी घेण्यासारखी आहे, पण १६,००० पर्यंत घासाघीस करा. सोबतचं स्टँड प्लायचं आहे, त्याच्या खाचा पात्याच्या बाकाशी जुळत नाहीत. ते वेगळं करून घ्यावं लागेल.