मोठी डिझेल एसयूव्ही नागपुरात किती देते? आठ महिन्यांचा, १३,४०० किलोमीटरचा हिशेब

गाडी सात आसनी, लॅडर फ्रेमवरची (ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली). २.२ लिटर टर्बो डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, रिकामं वजन दोन टनांच्या वर. वापर ऑक्टोबर ते मे. निम्म्याहून कमी शहरात, बाकी समृद्धी महामार्ग, वर्धा रोड आणि जबलपूर रोडवर. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं जवळपास सगळं या वजनाच्या आणि या उंचीच्या कोणत्याही गाडीला लागू आहे.

आकडे आधी. १३,४०० किलोमीटरला १,२८० लिटर डिझेल, म्हणजे लिटरला सरासरी १०.५ किलोमीटर. शहरातले ५,६०० किलोमीटर ८.६ च्या अ‍ॅव्हरेजने, हायवेचे ७,८०० किलोमीटर १२.४ ने. डिसेंबर-जानेवारीत शहरात ९.४ मिळत होता, मे महिन्यात तो ७.५ वर आला. कंपनी सांगते तो सरकारी चाचणीतला प्रमाणित आकडा १४ च्या पुढे आहे. ती चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) व्हरायटी चौकात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचं त्या आकड्याशी काही नातं नाही. फसवणूक झाली असं समजून शोरूमला भांडायला जाण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

"किती देते?" या प्रश्नातच एक गडबड आहे. लिटरला किती किलोमीटर हे माप मोठ्या गाडीच्या बाबतीत दिशाभूल करतं. १,००० किलोमीटरला ८ च्या अ‍ॅव्हरेजने १२५ लिटर लागतात, १० च्या अ‍ॅव्हरेजने १००. वाचले २५ लिटर. तेच १२ वरून १४ वर गेलात तर ८३ चे ७१ होतात, वाचतात फक्त १२. फरक दोन्हीकडे दोनचाच आहे, पण शहरातला वाईट आकडा सुधारला तर दुपटीने डिझेल वाचतं. म्हणून हायवेवर १४ काढायच्या नादापेक्षा शहरातला आठचा आकडा नऊवर नेणं जास्त किमतीचं आहे.

मोजमाप नीट नसेल तर पुढची सगळी खटपट वाया जाते. मीटरवरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. या गाडीत तो आठ महिने सातत्याने सात-आठ टक्के जास्त दाखवतो. टाकी ते टाकी हीच पद्धत खरी. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, गाडी सपाट जागी, आणि पहिल्या कटऑफला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच, थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू का" म्हणून वरून आणखी दीड लिटर ओतू द्यायचं नाही. कटऑफमध्ये अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. दहा लिटर भरून मोजलं तर ती पाच टक्क्यांची चूक, ४५ लिटरवर मोजलं तर जेमतेम एक टक्का. म्हणून टाकी पाव उरेपर्यंत चालवून मगच भरा आणि किमान तीन टाक्यांची सरासरी घ्या. एका टाकीवरून काहीही ठरवू नका. पहाटे भरलं की डिझेल थंड म्हणून जास्त मिळतं, हे मनातून काढून टाकलेलं बरं. २० अंशांच्या फरकाने डिझेलचं आकारमान दीड-पावणेदोन टक्के बदलतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि एका रात्रीत ती २० अंश थंड होत नाही.

टायर बदलले असतील तर आणखी एक सापळा आहे. मूळ २५५/६० आर१८ टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर. त्या जागी दिसायला दणकट म्हणून २६५/६५ आर१८ ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यांसाठीचा जाड नक्षीचा टायर) घातला तर व्यास ८०२ होतो, म्हणजे पाच टक्के मोठा. गाडी १०५ किलोमीटर धावते तेव्हा मीटर १०० मोजतो. अशा गाडीचा हिशेब पाच टक्के कमी निघतो आणि मालक इंजेक्टर साफ करायला निघतो. आधी जीपीएसवर ५० किलोमीटरचं अंतर ताडून बघा. ऑल टेरेनने खरं नुकसानही होतं. टायर वजनदार असतो, ठोकळे जाड असल्याने घरंगळताना अडतो. पेंच-ताडोबाच्या कच्च्या रस्त्यांवर महिन्यातून एकदा जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही.

हवेबद्दल नागपुरात खास काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात दुपारी चालवून आलेला टायर आतून ६० अंशांपर्यंत तापलेला असतो. तेव्हा पंपावर ३५ पीएसआय भरले की दुसऱ्या दिवशी सकाळी २८ अंशांना तोच टायर ३० दाखवतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायचं, दर पंधरा दिवसांनी. एक डिजिटल गेज आणि १२ व्होल्टवर चालणारा पंप डिकीत ठेवला की काम घरीच होतं. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने चार-पाच पीएसआय कमी ठेवणारे पुष्कळ आहेत. ते उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त वळतो, जास्त तापतो, आणि फुटण्याचा धोका त्यालाच जास्त असतो. अ‍ॅव्हरेज घसरतो ते वेगळंच.

आता शहर. मनीष नगर ते सिव्हिल लाईन्स अशा आठ-नऊ किलोमीटरच्या फेऱ्या मोठ्या डिझेल गाडीसाठी सगळ्यात वाईट. माणसं धरून २,२०० किलोची गाडी शून्यावरून ६० वर नेली की सुमारे ३० मिलिलिटर डिझेल फक्त तिला वेग देण्यात जातं. औषधाच्या बाटलीची दोन-तीन टोपणं म्हणा. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळं डिस्कच्या उष्णतेत गेलं. असे पस्तीसेक थांबे म्हणजे एक लिटर. इथे हलक्या पायापेक्षा लांबची नजर कामाची. सिग्नलचा टायमर दिसला की पाय उचलायचा आणि गाडी गिअरमध्येच सरकू द्यायची. न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय उचलल्यावर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जाळावंच लागतं, शिवाय गाडीवरचा ताबाही सुटतो.

एसी चालू असताना हे इंजिन उभ्या उभ्या तासाला जवळपास १.१ लिटर पितं. दिवसाला २५ मिनिटं सिग्नल आणि थांबण्यात गेली तर साडेचारशे मिलिलिटर. दिवसाचं शहरातलं चालवणं २२ किलोमीटर धरलं तर एकूण डिझेलचा हा जवळपास पाचवा हिस्सा, ज्यात गाडी एक फूटही हललेली नाही. ४५ अंशांत मुलांना घेऊन एसी बंद करून बसा, असं कोणी सांगू नये. पण शाळेच्या फाटकाबाहेर किंवा सीताबर्डीत खरेदी होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसणं टाळता येतं. उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं सगळ्या काचा खाली, ब्लोअर जोरात, गरम हवा बाहेर. मग काचा बंद, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू, तापमान २४-२५. मागच्या रांगेत कोणी नसेल तर मागचा ब्लोअर बंद. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, धुवून घ्या. सिमेंट रस्त्यांची धूळ आणि हायवेवरचे किडे त्याच्या पात्यांत घट्ट बसतात. पाणी कमी दाबाने मारा. कार वॉशचा जोराचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात आणि हवा कायमची अडते.

बीएस६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये शहरातला आकडा बिघडवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि विकताना ती कोणी समजावत नाही. ती म्हणजे डीपीएफ, सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर. धुरातली काजळी या फिल्टरमध्ये साठते. ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. हायवेवर हे नकळत उरकतं. शहरात सुरू झालं आणि आठ मिनिटांत घर आलं, चावी बंद केली, की काम अर्धवट राहतं. पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा जादा डिझेल. अशा आठवड्यात अ‍ॅव्हरेज एक-दीडने सहज पडतो.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीचा आरपीएम एरवी ७५० असतो, तो हजाराजवळ जाऊन तिथेच राहतो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही. रेडिएटरचा पंखा घोंघावतो, चाकाजवळ जळका वास येतो, आणि तात्काळ अ‍ॅव्हरेजचा आकडा विनाकारण खाली असतो. हे दिसलं की गाडी बंद करू नका. वर्धा रोडने बुटीबोरीकडे किंवा आउटर रिंग रोडला १५-२० मिनिटं ६० च्या वर, दोन हजार आरपीएमच्या आसपास सलग चालवा. आरपीएम खाली बसला की झालं. पूर्ण शहरी वापर असेल तर आठवड्यातून एकदा अशी फेरी ठरवूनच ठेवा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळण्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि वरच्या खुणेच्या पुढे गेलं, तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट न पाहता ऑइल बदला. तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये कायमची बसते, ती जळत नाही.

हायवेवर प्रश्न एकाच गोष्टीचा आहे, वेगाचा. समृद्धीसारखा सपाट, सिग्नल नसलेला सिमेंटचा रस्ता मोजमापाला उत्तम. क्रूझवर, एसी चालू, चार माणसं: ताशी ८० ला १४.४, १०० ला १२.२, १२० ला १०.२. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० म्हणजे दीडपट वेग, सव्वादोनपट अडथळा. आणि ही गाडी म्हणजे हवेत धरलेलं कपाट. नागपूर ते शिर्डीचे ५२० किलोमीटर १२० ऐवजी १०० ने गेलात तर ५२ मिनिटं जास्त लागतात आणि सव्वाआठ-साडेआठ लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले तर साडेसातशेच्या आसपास. १०० वरून ८० वर उतरून आणखी साडेसहा लिटर वाचतात, पण वेळ एक तास १८ मिनिटांनी वाढतो आणि ट्रकच्या रांगेत चालावं लागतं. म्हणून ९५ ते १०० हाच योग्य पट्टा वाटतो. टायरसाठीही तो बरा, दुपारच्या तापलेल्या सिमेंटवर तर नक्कीच. छतावरचा कॅरियर रिकामा असला तरी हवा अडवतो. सहलीनंतर चार बोल्ट सोडून काढून ठेवा. फोर बाय फोरचा नॉब कोरड्या रस्त्यावर टू-एच वरच (दोनच चाकांना ताकद) हवा. डांबरावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावलं तर डिझेल जातंच, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवरही ताण येतो.

हे सगळं सांभाळूनही शहरात सात आणि हायवेवर दहाच्या खाली असेल तर दोष शोधावा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वर्कशॉप हमखास इंजेक्टर क्लीनिंग आणि डिझेलमध्ये टाकायच्या बाटलीपासून सुरुवात करतं. त्याआधी ब्रेक बघा. दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही रिमचं तापमान घ्या. एक चाक जोडीच्या चाकापेक्षा २०-२५ अंश गरम असेल तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकलेली आहे. ग्रीस आणि रबर बूटचं काम, खर्च किरकोळ. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप. ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघा. जानेवारीच्या सकाळी ७० ने चालताना ते ८५ च्या वर टिकत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय आणि इंजिन थंड समजून जास्त डिझेल घेतंय. गाडीतला काटा यासाठी निरुपयोगी, तो मोठ्या पट्ट्यात मध्यावरच उभा राहतो. तिसरं, टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) नळीचे क्लॅम्प. जोडाजवळ काळपट तेलकट डाग आणि चढावर फुस्स आवाज म्हणजे हवा गळतेय. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट, एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सर, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप). एअर फिल्टर धुळीमुळे मॅन्युअलपेक्षा लवकर बदला, पण त्याने अ‍ॅव्हरेज दोनने वाढेल अशी आशा नको. आधुनिक डिझेलमध्ये अर्धवट तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम आधी ताकदीवर दिसतो.

घ्यायची की नाही? वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. १०.५ ने १,४३० लिटर लागतात. १५ देणाऱ्या मध्यम एसयूव्हीला १,०००. फरक ४३० लिटर, वर्षाला साधारण ३८,५०० रुपये. सात माणसं, सामान आणि लांबचे हायवे नियमित असतील तर ही रक्कम पटते. रोज एकट्याने मनीष नगर ते सिव्हिल लाईन्स जाणार असाल तर डिझेल घेऊ नका, डीपीएफच जगू देणार नाही. यातलीच टर्बो पेट्रोल घ्यायचा विचार असेल तर डीपीएफ सुटेल, पण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी असते. ती घट धरूनच महिन्याचा खर्च मांडा. टेस्ट ड्राइव्ह मागाल तेव्हा रिंग रोडवर नको. दुपारी बाराला, एसी लावून, ट्रिप मीटर शून्य करून कॉटन मार्केट ते सदर चालवा.