पास आमचा, पैसे त्यांचे

आमचे २२० फ्रँक गेले ते इंटरलाकनहून ल्युसर्नला जाणाऱ्या गाडीत. ज्या बोटीसाठी ते गेले ती तोवर नजरेलाही पडली नव्हती.

मे २०२४ची, स्वित्झर्लंडच्या टूरवरची गोष्ट. मी, बायको, आई आणि बारा वर्षांची लेक. बुकिंग पुण्यातल्याच एका टूरवाल्याकडे केलेलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. शिवाय ही युक्ती त्या एकट्याचीच असेल असंही मला वाटत नाही. मराठी माणूस, गोड बोलणं, ऑफिसात गेलं की वेलची घातलेला चहा. ग्रुप छोटा, १८ जणांचा. बस नाही, सगळा प्रवास ट्रेननं, हेच त्यांचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलेलं. त्यासाठी प्रत्येकाच्या नावाचा स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस फिरायला एकच तिकीट, पॅकेजमध्ये धरलेला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी झुरिकला टूर मॅनेजरनं सगळ्यांचे पास स्वतःकडे घेतले. "काका, गर्दीत हरवला तर नवा घ्यावा लागतो, माझ्याकडेच राहू दे." मला तर हायसं वाटलं. आई एरवी चष्माही पर्समध्ये शोधत बसते, तिच्याजवळ पास कुठे द्यायचा!

ब्रुनिगचा घाट उतरताना लुंगर्नचं तळं खाली दिसायला लागतं. पाणी असं हिरवंनिळं की कुणीतरी रंग कालवलाय असं वाटावं. अख्खा डबा खिडकीला चिकटलेला. नेमक्या त्याच वेळी टूर मॅनेजर साहेब वही घेऊन आले. ल्युसर्नमध्ये 'प्रीमियम लेक क्रूझ' आहे, ऐच्छिक आहे, पण इथवर येऊन ती न करणं म्हणजे काय म्हणायचं. मोठ्यांचे ६० फ्रँक, मुलांचे ४०. रोख. पावती? "बोटीवरच मिळेल." आईनं स्वतःचे साठ स्वतःच्या पाकिटातून काढून दिले, पेन्शनीतून साठवून बदलून आणलेले. मी देतो म्हटलं तर ऐकेना. तळ्यातल्या गणपतीच्या शहरात जन्म काढला आणि बोटीत कधी बसले नाही, हे तिचं वाक्य सगळ्या डब्यानं ऐकलं.

ल्युसर्नला स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडेच धक्का. आमची बोट 'शिलर', १९०६ची, बाजूला चाकं असलेली वाफेवरची. त्या बोटीला मी नावं ठेवणार नाही. मधोमध इंजिन उघडंच दिसतं, हाताएवढे जाड चकचकीत दांडे खालीवर होत असतात आणि गरम तेलाचा वास थेट अंगावर येतो. लेक तिथून हलायलाच तयार नव्हती, व्हिडिओ काढत बसली. आम्ही मात्र 'प्रीमियम' म्हणून वरच्या डेककडे निघालो तर साहेब लगबगीनं म्हणाले, "आजी, खालीच बसा, वर वारा फार असतो." वर पहिला वर्ग होता. आमचे पास दुसऱ्या वर्गाचे होते, हे नंतर कळलं.

मग तिकीट तपासनीस आला. साहेबांनी बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वरचा कागद बायकोचा. ठळक अक्षरात तिचं नाव, खाली जन्मतारीख, तोच पास ज्यावर आम्ही तीन दिवस ट्रेननं फिरत होतो. तपासनीसानं त्यावरचा चौकोनी कोड मशीनसमोर धरला, पीं वाजलं, पुढचा कागद. अठरा वेळा पीं. एक फ्रँक कुणी दिला नाही, एक तिकीट कुणी फाडलं नाही. बायको मला कोपरानं ढोसून म्हणाली, "मग आपण पैसे कशाचे दिले?"

रात्री हॉटेलात पासची माहिती वाचली. ट्रेन, बस याबरोबर ल्युसर्न, थून, ब्रिएन्झ, झुरिक, जिनिव्हा या सरोवरांवरच्या वेळापत्रकानं चालणाऱ्या बोटी पासमध्येच येतात. सहा ते पंधरा वयाचं मूल आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट. म्हणजे लेकीचे चाळीस तर निव्वळ हवेतले. खासगी मोटरबोटी किंवा बोटीवरचं जेवण यांना वेगळे पैसे पडतात, तो भाग निराळा. आम्हाला वेगिसपर्यंत नेऊन परत आणलं. तीच बोट पुढे फिट्झनाऊला जाते, तिथून रिगीवर चढणारी लाल दातेरी रेल्वे १८७१पासून चालू आहे आणि तीही पासमध्येच आहे. पैसे गेल्यापेक्षा मला या रिगीचा राग जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विचारलं तर साहेब म्हणाले, ते आमचे गाइडिंग चार्जेस. गाइडिंग म्हणजे बोटीवर त्यांनी दिलेली कॉफी आणि "फोटो काढून घ्या" एवढं एक वाक्य. पुण्यात ऑफिसात गेलो तर चहा आला नाही. "ऑप्शनल होतं सर, तुम्ही स्वखुशीनं घेतलंत." मग मेल केला. उत्तरात पुढच्या टूरवर दहा हजारांची सूट. आमचे वीस हजारांवर गेले आणि त्यातले दहा परत मिळवायला आणखी एक टूर करायची!

पॅकेजच्या बिलावर जीएसटी होता, टीसीएस म्हणजे टूरवाल्यानं आधीच घेतलेला आयकर होता, तो टीसीएस आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसला आणि रिटर्नमध्ये वळताही झाला. या २२० फ्रँकचा मात्र कुठे मागमूस नाही. रोख का मागितले ते तेव्हा डोक्यात शिरलं. माझ्याकडे पुरावा काय तर लेकीचा इंजिनाचा व्हिडिओ, ज्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो गठ्ठा आणि ते पीं पीं आलंय. शिवाय ग्रुपमधल्या दोन कुटुंबांनी लिहून दिलं. त्यावर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. आमचं पॅकेज त्याच्या वर गेलं म्हणून दोनशे रुपये भरले. तारखा चालू आहेत.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या टूरचे कागद घेऊन आल्या, टूरवाला दुसराच. पान दोनवर 'स्विस ट्रॅव्हल पास समाविष्ट', पान चारवर 'लेक क्रूझ, ऐच्छिक, ६५ फ्रँक'. मी दोन्हीभोवती पेनानं गोल केले आणि म्हटलं, आधी विचारा ही बोट पासवर चालते का, उत्तर मेलवरच घ्या आणि तिथे पास स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. काकूंनी चष्मा वर केला. "अहो, पण क्रूझचे तर आम्ही बुकिंगलाच भरून टाकलेत."