रात्रीच्या जेवणाला वडाभात की गोळाभात?

घरी चार माणसं जास्तीची जेवायला असली की आमच्याकडे हा प्रश्न दुपारीच निघतो. भात तोच, वरून ओतायचं हिंग-मोहरीचं कडकडीत तेल तेच, वाटीतली कढी किंवा चिंचेचं सार तेच. प्रश्न डाळीचा. ती भिजवून, वाटून, तळून भातावर कुस्करायची, की भरडून, गोळे वळून भातातच शिजवायची? संध्याकाळचा स्वयंपाक गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. बायको नोकरीवरून सातच्या एसटीनं येते, तोवर मी वावरातून परतलेला असतो. घरात खाणारी पाच तोंडं, एक गॅस, मागच्या पडवीत एक चूल. दोन्ही भात या काळात भरपूर वेळा केले, म्हणून दोन शब्द.

नुसत्या चवीचं विचाराल तर पहिला घास वडाभाताचाच भारी लागतो, हे कबूल करतो. हरभऱ्याची डाळ एक वाटी, तूर आणि मूग अर्धी-अर्धी, उडीद पाव. चार तास भिजवून जाडसर वाटायची. त्यात धने-जिरे, लसूण, हिरवी मिरची, मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. वाटण फार बारीक झालं की वडा आतून गच्च होतो, मग भातावर कुस्करला तरी त्याचे ढेकळासारखे तुकडे पडतात. जाडसर राहिलं तर बोटांत घेताच त्याचा चुरा होतो, आणि कडेचा कुरकुरीत भाग फोडणीचं तेल पिऊनही कुरकुरीतच राहतो. आमच्या घरी हे तेल जवसाचं असायचं. आता गावात जवस पेरणारेच कमी झालेत, पण घाणीचं जवसाचं तेल हाती लागलं तर ते वडाभातासाठीच राखून ठेवावं. त्याचा किंचित कडसर वास तळलेल्या डाळीला जसा शोभतो तसा दुसऱ्या कशाला शोभत नाही.

गोळाभात दिसायला साधा. पहिल्यांदा करणाऱ्याला तो फसवतो मात्र नक्की. झाकण उघडावं तर गोळे विरघळून भाताचा पिवळा लगदा झालेला, नाहीतर गोळे असे घट्ट की घशाखाली उतरायला ताक लागावं. माझे पहिले दोन-तीन गोळाभात असेच गेले. चूक पिठाची होती, मी तयार बेसन वापरत होतो. बेसन बारीक, पाणी लागलं की चिकट होऊन त्याचा गोळा आतून बंद होतो आणि वाफ मध्यापर्यंत जात नाही. भरड्याच्या, म्हणजे जाडसर दळलेल्या डाळीच्या, कणाकणात जागा राहते, वाफ त्यातून फिरते. दीड वाटी भरड्याला तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, हिंग, हातावर चोळलेला ओवा, मीठ. मोहन दोन्ही हातांनी पिठाला चोळायचं, मूठ आवळली की पीठ मुठीचा आकार धरेल इतकं. मग पाण्याचा फक्त हबका. लिंबाएवढे गोळे वळायचे, तेही फार दाबून नाहीत.

गोळे सोडण्याची वेळ ओळखायला मला वर्षभर लागलं. भाताचं पाणी आटत आलं, वर बारीक बारीक भोकं दिसायला लागली, की तीच वेळ. त्याआधी सोडले तर उकळत्या पाण्यात फुटतात, नंतर सोडले तर वाफच पुरत नाही. भातात थोडे रुतवायचे, गंजावर, म्हणजे भाताच्या पातेल्यावर, जड झाकण, आच अगदी बारीक, पंधरा ते वीस मिनिटं. दोन वाट्या तांदळाला नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त धरतो, कारण भरडा आपला वाटा पितो. चुलीवर करत असाल तर जाळ ओढून घ्या आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, निखाऱ्यावर गंज राहू द्या. गोळा शिजला की नाही हे चमच्यानं फोडून पाहावं. आतबाहेर एकच रंग दिसला पाहिजे. मध्ये ओलसर फिकट डाग असेल तर अजून पाच मिनिटं.

तांदळाचं थोडक्यात सांगतो. विदर्भातल्या आमच्या वणीकडे धान फारसं नाही, तांदूळ येतो तो नागभीड-ब्रह्मपुरीकडून, बहुतेक एचएमटी. हे वाण त्याच भागातलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून जपल्या, त्यातून ते उभं राहिलं. त्यांच्याकडे जमीन जेमतेम काही एकर होती, आणि आज आमच्यासारख्या किती घरांत रोज त्यांच्या कष्टाचा भात शिजतो. एचएमटी दोन्ही भातांना चालतो, पण निदान वर्षभर जुना घ्या. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. वडाभातात ते एक वेळ निभतं, गोळाभातात गोळ्याभोवती खीर बसते.

मिरचीबद्दल माझं मत ठाम आहे. गोळ्यात भिवापुरी लाल तिखट, वड्यात हिरवी मिरची. उलट करून पाहिलं, जमलं नाही.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो. लहानपणी आमच्याकडे वडाभात असला की आम्ही भावंडं ओळीनं बसायचो आणि आई चुलीपुढून ताटात गरम वडे टाकत राहायची. ‘तू बी बस नं माय,’ म्हटलं की म्हणायची, ‘तुमी घ्या नं गरम गरम, मी घेतो मंग.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ कढईपुढे स्वतः उभा राहिलो तेव्हा समजला. पहिला घाणा निघतो, मुलं बसतात. दुसरा निघतो तोवर त्यांचं दुसऱ्यांदा वाढून होतं. शेवटचा घाणा काढून, तेल गाळून मी ताटावर बसतो तेव्हा पंगत उठलेली असते, फोडणीचं तेल वाटीच्या तळाला असतं, भात निवलेला असतो, आणि दोन तास तेलाच्या वासात उभं राहिल्यानं भूकही मेलेली असते. बायको दिवसभराची दमून आलेली, तिच्याशी दोन शब्द बोलायची हीच वेळ, आणि मी पाठमोरा.

कुणी म्हणेल, वडे आधी तळून ठेवा. ठेवून पाहिले. तासाभरात ते मऊ पडतात, कुस्करताना चुरा होण्याऐवजी वळतात, आणि वडाभाताची जी एकमेव बढाई, तीच जाते. ज्यांच्या घरी कढईपुढे आळीपाळीनं उभं राहणारे दोन हात आहेत, त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. त्यांनी खुशाल वडाभात करावा. सणावाराला, बहिणी आल्या की आम्हीही तोच करतो.

एरवी गोळाभात. गंजावर झाकण ठेवलं की पंधरा-वीस मिनिटं माझी असतात. तेवढ्यात कढीला फोडणी, कांदा फोडून ठेवणं, ताटं मांडणं होतं. मग गंजच मधोमध आणायचा. झाकण काढताच ओव्याचा आणि हिंगाचा वास वर येतो, प्रत्येकाच्या ताटात दोन गोळे, ते ज्याचे त्यानं फोडायचे, वर तेलाची धार. पाचही जण एकाच वेळी गरम खातात. आता आईही आमच्यासोबतच बसते. पहिल्या वेळी तिनं सवयीनं विचारलं होतं, ‘आणखी काई तळाचं रायलं का?’

उरलं तर वडे सकाळी कढीत टाका, छान मुरतात. उरलेला गोळाभात मात्र कढीत नको. गोळे कुस्करून, तव्यावर थोड्या तेलात कांद्याबरोबर परता, खालून खरपूस होऊ द्या. वावरात न्यायच्या डब्याला ते फार चांगलं. आणि भरडा दळायला नेताना गिरणीत उभे राहा. डाळ दिली की सवयीनं बेसनच काढून देतात. जाडसर रव्याएवढा हवा म्हणून सांगा, पहिली मूठ चिमटीत घेऊन पाहा, मगच बाकीची डाळ घालू द्या.