जिप्सीचं नवीन हूड घरीच बसवलं, माल भारी आहे
म्हापशातनं आमच्या मारुती जिप्सी गाडीसाठी तयार शिवलेलं विनाइलचं हूड, म्हणजे वरचं कापडी छत, आणलं आणि भावाला हाताशी घेऊन घरीच बसवलं, खरंच मस्त माल आहे. दुहेरी शिवण, धागा पॉलिस्टरचा, मागच्या खिडकीचं प्लास्टिक तर एकदम स्वच्छ. बसवायच्या आधी कापड उन्हात पसरून ठेवा हां, विनाइल तापलं की नरम पडतं आणि फ्रेमवर ओढून घ्यायला सोपं जातं, थंड असताना ओढलं तर कोपऱ्यांत सुरकुत्या राहतात त्या राहतातच. पुढची कड काचेच्या फ्रेमवर नीट बसली की मगच मागची बटणं लावायची. शिवणीतून पाणी झिरपू नये म्हणून लावतात तो सीलर मात्र लावलेला नव्हता, गोव्याच्या पावसात तो हवाच, वेगळा घेऊन लावला. ओलं असताना घडी घालू नका, बुरशी धरते. किमतीच्या मानाने पैसे वसूल.